परदेशी पॅनेल आणि आपलं ऊसबिल

सभासद बंधू-भगिनींनो,



थळ हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी खताच्या निमित्ताने ऐकलेले असेल. अलिबागच्या उत्तरेला समुद्रकाठी हे गाव आहे. समोर पाण्यात खांदेरी-उंदेरीचे किल्ले, काठाला कोळीवाडा, आत नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि जवळच राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा मोठा कारखाना. मुंबई हायचा वायू वापरून युरिया करायचा म्हणून १९८० च्या दशकात तो उभा राहिला. आपल्या उसाला पडणारा युरिया कित्येक वर्षे इथूनही येत आहे. मी मूळचा आपल्याच कार्यक्षेत्रातला, कारखान्याचा जुना सभासद. नोकरीच्या निमित्ताने थळला आलो आणि इथेच राहिलो. ऊस धाकटे बंधू पाहतात. हंगाम सुरू झाला की तोडीची चिठ्ठी, वजन, हप्ता, सगळी खबर फोनवर मिळते.

गेल्या हंगामात बंधूंनी एक नवीनच खबर दिली. ते म्हणाले, "आण्णा, पहिला हप्ता खात्यावर पडला आणि गावात सोलरवाले फिराय लागले. म्हणत्यात, परदेशी पॅनेल हाय, दाराएवढं मोठं, सातशे वॉटचं. कारखान्यानं सही दिली तर हप्ते ऊसबिलातनं कापून घेता येतील. काय करावं?"

पुढे कळले की हा प्रश्न एकट्या आमच्या घरचा नाही. काही सभासद येत्या सर्वसाधारण सभेत तसा ठराव आणावा अशा विचारात आहेत. म्हणजे कारखान्याने हमी घ्यायची, एजंटाने माल द्यायचा, आणि पैसे आपल्या उसातून वळते व्हायचे. म्हणून हे चार शब्द आपल्या पत्रिकेतून लिहितो आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. घरावर सूर्याची वीज घ्यावी, जरूर घ्यावी. पण परदेशी, अवाढव्य पॅनेलासाठी ऊसबिल गहाण टाकू नये, आणि कारखान्याने अशा व्यवहाराला हमी देऊ नये. त्याऐवजी काय करता येईल तेही शेवटी मांडले आहे.

थळला राहून या विषयावर बोलायचा अधिकार काय, असे कोणी विचारील. तर इथे पाहायला भरपूर मिळते. थळ, किहीम, आवास या पट्ट्यात मुंबईकरांचे बंगले झाले आहेत. त्यांच्या गच्चीवर देशी-विदेशी, लहान-मोठे सगळ्या तऱ्हेचे पॅनेल पाहायला मिळतात. परदेशी मालाच्या पेट्या ज्या न्हावा-शेवा बंदरात उतरतात ते बंदरही याच रायगड जिल्ह्यातले. शिवाय खारा वारा आणि चक्रीवादळ ही दोन परीक्षा घेणारी मंडळी इथे कायमची वस्तीला आहेत. आपल्याकडे वीस वर्षांत जे कळेल ते इथे पाच वर्षांत कळते.

प्रथम परदेशी या शब्दाविषयी. आपल्याला परदेशी वस्तूचे वावडे नाही, असण्याचे कारणही नाही. सिलिकॉनचा पहिला उपयोगी सौर घट १९५४ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत तयार झाला. तेव्हा पडणाऱ्या उन्हापैकी जेमतेम ६ टक्क्यांची वीज होत असे. आज चांगल्या पॅनेलात २१-२२ टक्के होते. आणि आज जगातले ८० टक्क्यांहून अधिक पॅनेल चीनमध्ये बनतात. तिथे कारखाने इतके झाले की २०२३ साली भाव जवळजवळ निम्म्यावर आले. तेव्हा माल वाईट म्हणून कोणी नाक मुरडू नये. आपल्या सुरुवातीच्या साखर कारखान्यांची यंत्रेसुद्धा बरीचशी बाहेरूनच आली होती. पुढे वालचंदनगरसारख्या ठिकाणी ती आपल्या देशात बनू लागली. प्रश्न माल कुठला हा नाहीच. तो आपल्या घरावर, आपल्या कायद्यात, आपल्या वाऱ्यात बसतो का, आणि बिघडला तर दाराशी कोण येतो, हा प्रश्न आहे.

आता 'मोठं पॅनेल' या भानगडीचा हिशेब करू. हिशेब आपल्याला नवा नाही. उताऱ्याचा पॉइंट आणि वजनाचा किलो आपण रोज मोजतो.

सध्या घरावर सर्रास बसते ते ५५० वॉटच्या आसपासचे पॅनेल. ते सुमारे २.२८ मीटर लांब आणि १.१३ मीटर रुंद असते, वजन २८ किलोच्या आसपास. क्षेत्रफळ झाले सुमारे २.५८ चौरस मीटर. म्हणजे दर चौरस मीटरला २१३ वॉट. एजंट सांगतो ते ७०० वॉटचे पॅनेल सुमारे २.३८ मीटर लांब आणि १.३० मीटर रुंद, वजन ३३ ते ३८ किलो. क्षेत्रफळ ३.१ चौरस मीटर. म्हणजे दर चौरस मीटरला २२५ वॉट. आता ३ किलोवॉटचा संच घ्या. लहान पॅनेलला जागा लागते १४.१ चौरस मीटर, मोठ्याला १३.३. फरक पाऊण चौरस मीटरच्या आसपास. अहो, अर्ध्या बाजेएवढीच जागा वाचली! ५५० चा आकडा ७०० झाला तो मुख्यतः काच मोठी झाल्यामुळे. बैल मोठा दिसतो म्हणून नांगरट दुप्पट होत नाही.

मग हे मोठे पॅनेल बनवतात कशाला? तर ते माळरानावरच्या शेकडो एकरांच्या प्रकल्पांसाठी सोयीचे पडते. तिथे पॅनेलांची संख्या कमी झाली की जोडण्या कमी, मजुरी कमी. घरावर उलटे होते. घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते, जिन्याची खोली असते, शेजारच्या नारळाची नाहीतर आंब्याची सावली असते. लहान पॅनेल चार इकडे, दोन तिकडे असे बसवता येतात. अडतीस किलोची जवळपास तीन हात रुंद काच अरुंद जिन्यातून वर न्यायची म्हणजे दोरखंड आणि चार माणसे. आणखी एक बारीक गोष्ट वायरमनकडून समजून घ्या. या मोठ्या पॅनेलांतून १८ अँपिअरच्या आसपास प्रवाह येतो, आणि घरगुती लहान इन्व्हर्टरांपैकी पुष्कळांची आत घ्यायची मर्यादा त्याहून कमी असते. जुळणी चुकली तर वरचे पीक खालच्या मोटेतून जातच नाही. पॅनेलाचे पैसे दिले पण इन्व्हर्टरने वरची वीज कापून टाकली, असे होते.

दुसरी गोष्ट कायद्याची. इथे सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून सावकाश वाचावे.

प्रधानमंत्री सूर्यघर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि ती २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आखलेली आहे. तिच्यात घरावरच्या संचाला केंद्राचे अनुदान मिळते. १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ किलोवॉटला ६०,००० रुपये, आणि ३ किलोवॉट किंवा त्यापुढे कितीही मोठा संच असला तरी ७८,००० रुपये. पण अट अशी की पॅनेल भारतात बनलेले हवे आणि त्याच्या आतला सेलही भारतातच बनलेला हवा. याला धंद्यात डी.सी.आर. पॅनेल म्हणतात. लक्षात ठेवा, पेटीवर भारतात बनवले असे छापलेले असले तरी आतला सेल बाहेरचा असू शकतो. आपल्याकडे फक्त चौकट, काच आणि जोडणी झालेली असते. तसल्या पॅनेलला अनुदान नाही. संपूर्ण परदेशी पॅनेलला तर नाहीच नाही.

एजंट म्हणतो, "अनुदान जाऊ द्या हो, माल स्वस्त आहे." करून पाहू हिशेब. समजा भारतीय सेलचे पॅनेल वॉटमागे १२ रुपयांनी महाग पडले. ३ किलोवॉटला म्हणजे ३,००० वॉटला जास्तीचे झाले ३६,००० रुपये. आणि अनुदान मिळाले ७८,०००. तरीही आपल्या पदरात ४२,००० रुपये उरले. शिवाय परदेशी पॅनेलवर १ एप्रिल २०२२ पासून ४० टक्के सीमाशुल्क बसवलेले आहे. पुढे २०२५ च्या अर्थसंकल्पात त्याची विभागणी बदलली, पण बोजा साधारण तेवढाच राहिला. तेव्हा परदेशातला स्वस्त भाव आपल्या ओसरीपर्यंत येतायेता स्वस्त राहत नाही. जो फार स्वस्त सांगतो त्याला पावती आणि आयातीचे कागद दाखवायला सांगा. २२ सप्टेंबर २०२५ पासून या वस्तूंवरचा जी.एस.टी. १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे बिनपावतीचा व्यवहार करण्यात आता फारसे वाचतही नाही.

याहून मोठी अडचण नेट मीटरची. दिवसा पॅनेल वीज तयार करते, तेव्हा घरातली माणसे रानात असतात. जास्तीची वीज तारेतून महावितरणकडे जाते आणि रात्री आपण ती परत घेतो. मीटर दोन्ही बाजूंची नोंद ठेवतो. सोसायटीच्या खात्यासारखेच, जमा आणि नावे. हा नेट मीटर मिळाला तरच घरच्या संचाचे गणित बसते. केंद्र सरकारने पॅनेलांच्या मंजूर मॉडेलांची एक यादी केलेली आहे, तिला ए.एल.एम.एम. म्हणतात. मध्यंतरी २०२३-२४ हे एक वर्ष तिची सक्ती थांबवली होती, १ एप्रिल २०२४ पासून ती पुन्हा लागू झाली. सरकारी योजनेतल्या आणि नेट मीटरच्या संचांना या यादीतलेच पॅनेल लागते. यादीत नाव नसलेले परदेशी पॅनेल घेतले, तर अनुदानही गेले आणि नेट मीटरही अडला.

याचे प्रत्यंतर आमच्या शेजारीच आहे. एका बंगल्यावर आठ मोठी परदेशी पॅनेल आहेत. मालक येतात शनिवार-रविवारी. बाकी पाच दिवस घर बंद. नेट मीटर नाही. सांभाळणारा गडी मला म्हणाला, "काका, वर ऊन फुकट जातंय आणि खाली पंखा लावायला माणूस नाही." मालक सधन आहेत, त्यांना झळ लागत नाही. आपल्याला लागेल. आपला पैसा अठरा महिन्यांच्या आडसालीतून येतो.

तिसरी गोष्ट वाऱ्याची.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. कौले उडाली, पत्रे वाड्यांत जाऊन पडले, पोफळी काडीसारख्या मोडल्या. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले. आता ताशी १२० किलोमीटरचा वारा किती जोराने ढकलतो याचा ढोबळ हिशेब सांगतो. दर चौरस मीटरला सुमारे ६८ किलो. म्हणजे ५५० वॉटच्या एका पॅनेलला १७५ किलो, आणि ७०० वॉटच्या पॅनेलला २१० किलो. सहा लहान पॅनेलांचा संच धरला तरी टनावर गेले. पॅनेल तिरके असते, वारा खालून शिरतो आणि ते उचलू पाहतो. टनभर ऊस दावणीला बांधून कोणी आभाळाकडे ओढतो आहे असे समजा. ते बळ सांगाड्याच्या चार-सहा पायांवर आणि तिथल्या बोल्टांवर येते. पॅनेल मोठे तर प्रत्येक पकडीवरचा ताण मोठा. शिवाय वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मोठ्या पॅनेलांची काच पातळ करतात. अशा काचांना तडे जाण्याचे प्रमाण वाढले आहे, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेतल्या संशोधकांनीही लिहून ठेवले आहे.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठला समुद्र? खरे आहे. पण वळवाचा वारा आहे ना? एप्रिल-मेमध्ये जनावरांच्या गोठ्याचे पत्रे कुणाच्या रानात सापडतात ते आठवा. गारपीट आहे. आणि खारे पाणी नसले तरी कारखान्याच्या चिमणीची काजळी आहे. गळीत हंगामात वाळत घातलेल्या धोतरावर जी पडते तीच पॅनेलवर पडणार, आणि हंगामाचे महिने म्हणजे नेमके स्वच्छ उन्हाचे महिने. पॅनेल दर आठ-पंधरा दिवसांनी सकाळी थंड असताना गोड्या पाण्याने पुसावे लागते. हात पोहोचेल, मधे उभे राहता येईल असे बसवले तर घरची सून-लेकही ते पुसू शकते. अवाढव्य काचा एकाला एक लावून उंचावर बसवल्या की महिनोन्‌महिने तिकडे कोणी फिरकत नाही.

थळला जे पाहिले त्यावरून सांगतो, पॅनेल सहसा आधी खराब होत नाही. आधी सांगाडा जातो. हलक्या लोखंडाला वरून चंदेरी रंग मारलेला असतो. दोन पावसाळ्यांत वेल्डिंगच्या जागी गंज धरतो, मग बोल्ट, मग अर्थिंगची पट्टी. सांगाडा हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला हवा. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे हवेत. पाय गच्चीच्या काँक्रीटमध्ये पक्के धरलेले हवेत. पत्र्याच्या किंवा कौलाच्या घरावर नुसते हूक अडकवून भागत नाही, खाली स्वतंत्र आधार लागतो. एजंट पॅनेलाचे गुणगान तासभर करतो. सांगाड्याविषयी विचारले की म्हणतो, "ते आमचा मिस्त्री बघेल." बंधूंनो, तेच तर आपण बघायचे!

चौथी गोष्ट अंधाराची, आणि ही ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. निसर्ग वादळानंतर इथल्या तालुक्यांत खांब इतके पडले की कित्येक गावे दिवसेंदिवस, काही तर आठवडेच्या आठवडे विजेवाचून होती. आपली समजूत अशी की, घरावर पॅनेल असले म्हणजे अशा वेळी दिवा लागणार. लागत नाही! नेहमीचा ऑन-ग्रिड संच महावितरणची वीज गेली की आपोआप बंद पडतो. तसा तो बंद पडलाच पाहिजे, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या घरची वीज मागून धक्का देईल. वीज गेल्यावरही उजेड हवा असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. त्याचा खर्च वेगळा, आणि पाच-दहा वर्षांनी बॅटरी बदलावी लागते. पॅनेल देशी असो, परदेशी असो, लहान असो, मोठे असो, हा नियम सगळ्यांना सारखा. "लाइट गेली तरी घर झगमगेल" असे सांगणाऱ्या एजंटाला एकच विचारावे, बॅटरी कुठे लिहिली आहे?

पाचवी गोष्ट हमीची. कागदावर पॅनेलाची हमी मालासाठी बारा-पंधरा वर्षे आणि विजेच्या उताऱ्यासाठी पंचवीस-तीस वर्षे असते. कागद चांगलाच असतो. पण आठव्या वर्षी एक पॅनेल मेले तर आपण कोणाच्या दारात जायचे? बनवणारा समुद्रापलीकडे, आणणारा व्यापारी दुसऱ्या धंद्यात, बसवणाऱ्याचा फोन बंद. तोवर त्या मापाचे पॅनेल बाजारातून गेलेलेही असते, कारण या धंद्यात मापे फार लवकर बदलतात. आपण उसाचे बेणे घेताना काय करतो? को ८६०३२ चे बेणे कितीही चांगले असले तरी कुणाच्या फडातले, किती महिन्यांचे, रोग आहे का, हे पाहतो. आणि उगवण फसली तर ज्याला जाऊन विचारता येईल अशाकडूनच घेतो. उसाच्या एका पिकासाठी एवढी खबरदारी, मग पंचवीस वर्षांच्या वस्तूला का नको?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. परदेशी मोठे पॅनेल कुणालाच नको असे मी म्हणत नाही. ज्याचे घर महावितरणच्या तारेपासून दूर आहे, ज्याला बॅटरीवरच सगळे चालवायचे आहे, ज्याच्याकडे मोकळी जमीन आहे आणि पदरचे रोख पैसे आहेत, त्याने ते खुशाल घ्यावे. थळच्या बंगलेवाल्यांपैकी काहींना ते शोभतेही. पण त्यांचा खर्च हौसेच्या खात्यातला असतो. आपला खर्च त्याच खात्यातून होतो, ज्यातून खत, पाणीपट्टी, मुलीची फी आणि म्हाताऱ्याचे औषधपाणी होते. एकच वस्तू दोघांना सारखी लाभत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे हे आपल्या वाडवडिलांनी उगाच सांगितले नाही.

काही तरुण सभासद म्हणतील, कारखाना बगॅसवर वीज करून विकतो, मग सभासदाने मागे का राहावे? अगदी बरोबर. पण कारखान्याची सहवीज उभी राहिली ती कागद आधी करून. वीज कोण घेणार, कोणत्या दराने, यंत्राची जबाबदारी कुणाची, हे ठरल्यावर यंत्र आले. घरच्या संचालाही तोच क्रम हवा. आधी बिल, मग कागद, मग सांगाडा, आणि सगळ्यात शेवटी पॅनेल. एजंट नेमके उलटे चालवतो. आधी पॅनेल दाखवतो.

मग करायचे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे सूचना अशा.

प्रत्येकाने गेल्या बारा महिन्यांची वीजबिले काढावीत आणि युनिट मोजावेत. रुपये पाहू नयेत, युनिट पाहावेत. आपल्या महाराष्ट्रात १ किलोवॉटपासून वर्षाची सरासरी धरून दिवसाला सुमारे ४ युनिट मिळतात, म्हणजे महिन्याला ११०-१२०. पावसाळ्यात बरेच कमी, उन्हाळ्यात जास्त. ज्याचा वापर महिना १०० युनिटांच्या आत आहे त्याला १ किलोवॉट पुरे. ज्याचा ३०० च्या घरात आहे त्याने ३ चा विचार करावा. पाच-सहा किलोवॉट गळ्यात मारणाऱ्याला नमस्कार करावा, कारण अनुदान ३ किलोवॉटपाशीच थांबते.

कर्ज हवे असेल तर आधी राष्ट्रीयीकृत बँकेत विचारावे. सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटपर्यंतच्या संचाला त्या तारणाशिवाय, कमी व्याजाने कर्ज देतात. ते सोडून ऊसबिलावर बोजा चढवण्याचे कारण नाही. ऊसबिलातून सोसायटीची वसुली आधीच होते. त्यावर आणखी एका वस्तूचा हप्ता चढला, आणि एखाद्या वर्षी पाण्याने किंवा रोगाने टनेज पडले, तर हातात उरेल काय?

आणि कारखान्याने काय करावे? हमी देऊ नये, पण हात झटकूनही बसू नये. गटवार नोंदणी करावी. एका गटातले शंभर सभासद मिळून मागणी करतील तर भाव, सांगाड्याची जाडी, बोल्टाचा दर्जा, पाच वर्षांची देखभाल, सगळे लेखी मागता येईल. बसवणारा महावितरणच्या आणि योजनेच्या नोंदणीतलाच असावा. कारखान्याकडे विद्युत अभियंते आहेत, फिटर आहेत. त्यांनी एक नमुना करारपत्र करून द्यावे आणि प्रत्येक गटात पहिला संच स्वतः तपासावा. पैशाचा शेवटचा हप्ता नेट मीटर बसून वीज सुरू झाल्यावरच द्यावा. असे झाले तर एजंट आपल्या मागे फिरण्याऐवजी दर घेऊन आपल्या समोर बसतील.

हे स्वप्न नाही. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातली मान्याची वाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. गाव लहान, माणसे आपल्यासारखीच. एकेकट्याने दाराएवढे पॅनेल आणून ते झाले नाही. घराला पुरेल एवढा लहान संच, आणि सगळ्या घरांवर एकदम, असे ते काम झाले.

सहकाराचा धडाच तो आहे. एकेकाळी प्रत्येकाचे गुऱ्हाळ वेगळे होते आणि गुळाचा भाव दुसराच कोणी ठरवीत होता. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांसारख्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊन शेतकऱ्यांना एकत्र आणले, आणि १९५०-५१ च्या हंगामात सहकारी कारखान्याचे चाक फिरले. त्या माणसांनी यंत्र परदेशी की देशी याचा बाऊ केला नाही. यंत्राचा मालक कोण आणि हिशेब कोणाच्या वहीत, हे मात्र पक्के केले. आपणही तेच पाहावे.

तेव्हा सर्वसाधारण सभेत ठराव येईलच तर त्यात एवढी दुरुस्ती सुचवावी अशी माझी विनंती आहे: परदेशी पॅनेलांच्या खाजगी व्यवहाराला ऊसबिलातून कपातीची संमती देऊ नये, आणि अनुदानपात्र संचांची गटवार सामुदायिक खरेदी कारखान्याने आपल्या देखरेखीखाली करून द्यावी. ज्यांना हे पटत नसेल त्यांनीही पुढच्या अंकात जरूर लिहावे. चर्चा झाली पाहिजे. पैसा गेल्यावर करण्यापेक्षा आधी झालेली बरी.

ऊन सगळ्यांच्या घरावर सारखेच पडते. त्याला आयात शुल्क नाही आणि त्याचा एजंटही नाही. ते धरायचे साधन मात्र आपल्या ऐपतीचे, आपल्या वाऱ्याला टिकणारे, आणि बिघडले तर आपल्या तालुक्यात दुरुस्त होणारे असावे, इतकेच मागणे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सभासद
मुक्काम थळ, ता. अलिबाग, जि. रायगड